मुसीचा गडू

अमरावती, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

दादाले सद्याचा दंडवत. तू समोर असता त पायावर डोकं ठेवलं असतं, आन् उठता उठता तुह्या जोड्यात गोखरूचा काटा सारला असता. तू नाही, म्हनून दोन्ही तसंच राहिलं.

अक्षर पाहून हासू नको. पंतोजीनं मले शाळेतून काहाडलं तवा माही अर्धी बाराखडी त्याच्यापाशीच राहिली. त्याच्या पानदानात बेंडूक म्या नव्हता ठेवला बरं. बेंडूक आपल्या पायानं गेला, म्या फक्त झाकन लावलं. पन तेवढ्या विद्येवर मी आता कापसाच्या आवारात लागलो. गासडीवर काळ्या शाईनं व्यापाऱ्याचं नाव काहाडाचं. गावात असा कापूस मातला की लोक रामराम कराच्या आंधी भाव इचारतात. परवा एका म्हाताऱ्याच्या मयतीत दोघं जन खांदा देता देता सौदा करून राहिले होते. म्या मधातच म्हाताऱ्याचा आवाज काहाडून म्हतलं, "एवढ्या सस्त्यात देऊ नको." तिरडी टाकून पळाले लेकाचे.

आता कामाचं. मी हैद्राबादेले येऊन राहिलो. एकाच दिवसासाठी. चारमिनार नको, बाजार नको, मले फक्त नदीचा काठ हिंडाचा. आपल्या शेजारचे खुशालराव, पलटनीतून आलेले, ते सांगतात की तू ज्या नवाबाच्या देवडीत, म्हनजे वाड्यात, कारकुनी करतो ते मुसीच्या काठावरच हाय. त मले सारं नीट लिहून पाठव. पहाटे तठी पयला आवाज कायचा येते? पुलावरून चालताना जोडा कसा वाजते? धोबी कपडा आपटताना तोंडानं काय म्हनतात? हत्ती न्हातात म्हने, त हत्तीच्या आंगाले हात लावला त कसं लागते? काठाच्या पायऱ्या गुळगुळीत हायेत का खरबरीत? वाऱ्यात वास कायचा?

तू म्हनशील, सद्या, दिसते काय ते त इचारलंच नाही. ते राहू दे. दिसते ते मले नको.

माय बरी हाय. तुह्या नावानं काही बोलत नाही. जेवते. थोडंसं जेवते.

उत्तर लवकर टाक. या बारीनं मी मस्करी करून नाही राहिलो.

सद्या


अमरावती, पौष शुद्ध दशमी

दादा,

तुही चिठ्ठी भेटली. चिठ्ठी कायची, दोन ओळी. "सद्या, हे तू कोनासाठी इचारून राहिला? मायच्या डोळ्याले काय झालं?" तू पयलेपासूनच हुशार. मले मार खा लागे तवा बी तू दुरूनच वळखे की माहा गुन्हा कोनता.

मायले दिसत नाही, दादा. परसालच्या दिवाळीत म्हने, पनत्या दोन दोन दिसतात रे. म्या म्हतलं, चांगलं हाय, तेल वाचते. शिमग्याले तिले होळी बी दिसली नाही. आच लागली म्हनून समजली.

आन् ते नुसतं डोळ्याचं नाही. तुले तो पोळा आठवते का? मले त रोज आठवते. आंदल्या दिवशी तू बापाची जोडी इकली. तुहं बी लय चुकलं नव्हतं, त्या साली बैलाले घोड्याचा भाव आला होता, कापूस वाहाले बैल पुरेत ना. पन दुसऱ्या दिवशी साऱ्या गावचे बैल झुली घालून तोरनाखालून चालले, आन् माय ओवाळाचं ताट घेऊन गोठ्याच्या दारात उभी. गोठ्यात नुसते दोन खुंटे. तिनं खुंट्यालेच कुंकू लावलं. मंग तुह्याकडं पाहून बोलली, "चिंतामना, मी तुहं तोंड पाहनार नाही." तू त्याच पावली गेला.

आता ते म्हनते की तिचाच बोल तिच्या डोळ्यात जाऊन बसला. हरिहरशास्त्री वैद्यबुवा म्हनतात, पार्वताबाई, हा मोतीबिंदू हाय. त माय म्हनते, "शास्त्रीबुवा, बिंदू तुमी पाहा, बोल कोनाचा ते मले ठाऊक हाय."

तिच्या माहेरची रीत अशी की बोललेला बोल मागं घ्याचा असला त ज्याले बोललो त्याच्या गावी जाऊन, वाहत्या पान्यावर, त्याचा हात आपल्या हातात धरून ओंजळ सोडा लागते. आन् मायनं त्यात आपलं आनखी जोडलं. पानी सोडाच्या आंधी तिले दिवसभर तुह्या नदीकाठी हिंडाचं हाय. "तो रोज जे पाह्यते ते मले एक दिवस दाखव," म्हनते. आंधळी बाई म्हनते, दाखव!

म्या हाव म्हतलं. मले काय ठाऊक, बैलबंडीच भेटनार नाही. साऱ्या वऱ्हाडातल्या बंड्या एकाच तोंडानं चालल्या, रेल जिथवर आली तिकडं, पच्छिमेले. दक्षिनेकडं कुत्रं बी जाऊन नाही राहिलं. ज्याले इचारावं तो हासते. "मानूस कायले वाहू, कापूस नाही का?" अचलपुरापर्यंत हिंडून आलो. आन् शास्त्रीबुवानं मले अंगनात बोलावून हळूच सांगितलं की हैद्राबादेचा रस्ता तिच्यानं होत नाही. अन्न तुटलं तिचं. तांदळाची पेज बी राहत नाही पोटात. पावसाळा काही ते पाहत नाही म्हतले.

म्हनून मी पाया पडून लिहून राहिलो. तिले नदीवर नेता येत नाही, त तू ये. नदी घरी ठेव आन् ये.

सद्या


अमरावती, पौष वद्य द्वादशी

दादा,

तुह्या चिठ्ठीतली वरची पानभर नदी वाचून मले रडू आलं, आन् खालची ओळ वाचून तुले दगड मारावा वाटला. "माय तोंड पाहनार नाही बोलली. आता तिले दिसत बी नाही. मंग मी तोंड कायले आनू?" हे लिहाले दौत कोनाची घेतली, नवाबाची?

पन एक सांगू? ज्याले यायचंच नसते तो मानूस, पुलाच्या कोन्या दगडावर पाय सरकते, ते लिहीत नाही. पहाटे पयले कबुतरं उडतात, मंग अजान, मंग धोबी "छियो छियो". पाव भाजल्याचा आन् अत्तराचा वास काठापर्यंत येते. न्हालेला हत्ती ओल्या भिंतीसारखा लागते. हे सारं तू मायसाठीच लिहिलं. मले काही सांगू नको.

तुही नदी मी वाया जाऊ देत नाही. आयक आता, आन् बोंबलू नको.

मी मायले अकोल्याले नेतो आन् सांगतो की हे हैद्राबाद हाय.

तुले अकोलं ठाऊकच हाय. किल्ल्याचा दगडी तट पार मोर्णेवर आला. वेशीतून उतरलं की नदी. काठावर धोबी हायेत, मशीद हाय, अजान हाय, पाववाला हाय, कबुतरं त फुकट. पुंजाराम बंडीवाला कापूस घेऊन तिकडूनच रेलकडं जाते. त्याच्या गासड्यांवर नाव मीच काहाडतो, म्हनून तो मायले वरती बसवाले तयार झाला. त्याची जोडी कोनती हाय ते इचारू नको.

अडचनी लय हायेत. पयली सूर्याची. मायले दिसत नाही पन ऊन कोन्या गालावर पडते ते कळते ना! दक्षिनेले चाललो त सकाळी डाव्या गालावर ऊन पाह्यजे, आन् आमी त चाललो पच्छिमेले. तीन दिवस डोकं खाजवलं. मंग सुचलं. मायले गासडीवर आडवी बसवतो, तोंड दक्षिनेकडं करून. बंडी जाईल कुठी बी, ऊन बरोबर डाव्या गालावर. हे डोकं पंतोजीच्या हाती आलं असतं त आज मी मामलेदार असतो.

दुसरी अडचन दिवसाची. हैद्राबाद लांब, अकोलं जवळ. त्याले काय करावं ते देव जाने.

तिसरी अडचन तू. बाकी सारं मले भेटलं, तू भेटला नाही. आवाज मी तुहाच काहाडतो. लहानपनी तुह्या आवाजात पंतोजीले शिव्या मीच देत होतो ना, आन् मार तू खाल्ला. पन माय हात धरनार, आन् हात धरला की कान चाचपनार. तू नवसाचा, तुह्या उजव्या कानाले वरच्या पाळीत भोक हाय. रागात नसली की बोलता बोलता माय तेच भोक धरून बसे.

त म्या सोनाराकडून कान टोचून घेतला. सोनार म्हने, आता लग्नाच्या वयात नवस कोनाचा? म्या म्हतलं, तुह्याच बायकोचा. त्यानं सुई मुद्दाम हळूहळू सारली.

निंबाची काडी घालून ठेवली हाय. सुजला. जाईल तवर बसून.

दादा, हे वाचून तुले हासू आलं असलं त हास. पन हासून झालं की निघ. माघात आमी अकोल्याले असू. तू खरंच आला त मले तुहं सोंग करा लागनार नाही. निदान एवढं तरी.

सद्या


अकोला, माघ वद्य चतुर्थी

दादा,

तू आला नाही.

आमी वेशीपाशच्या धर्मशाळेत हाओत. माय निजली हाय. काय झालं ते सारं लिहितो, मंग तू ठरव.

रस्ता बरा गेला. पयल्या दिवशीच माय म्हने, "काहून रे सद्या, बंडी आडवी काहून चालते?" म्या म्हतलं, "माय, मोगलाईतले रस्ते आडवेच असतात." पुंजाराम धोतराचा बोळा तोंडात घालून हासला. तिले म्या बैलाच्या जवळ जाऊ दिलं नाही. घुंगरं बी काहाडून घेतले. काहून ते तूच वळख.

मूर्तिजापुराच्या पुढं तिले ताप चढला. बरळे, वळखत नव्हती. कापसाच्या बंड्यांची रांग अडली होती, आमी बाभळीखाली पडून होतो. ते शुद्धीवर आली तवा म्या सांगितलं, "माय, तू लय दिवस पडून होती. नांदेड गेलं, गोदावरी बी मागं पडली." दिवसाची अडचन अशी सुटली. तापानं मदत केली. असं लिहाले मले लाज वाटते, पन झालं ते झालं.

काल तुही नदी दाखवली.

सकाळी वेशीबाहेर बसवलं. कबुतरं उडाले, अजान झाली, धोबी आले. अकोल्याचे धोबी मुक्यानं कपडे आपटतात, म्हनून पुंजारामले खाली उभा केला होता "छियो छियो" कराले. तो दमला की "हट रे, हट रे" करे. माय म्हने, "हैद्राबादचा धोबी बैल हाकल्यासारखा काहून करते?" म्या म्हतलं, धोब्याचे बी बैल असतात.

पूल नव्हता. तिले तटाच्या पायथ्याच्या दगडी ओट्यावरून चालवलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं. एका दगडावर म्या सांगितलं, "इथं जपून माय, दादाचा पाय इथं सरकते." ते थांबली. वाकली. त्या दगडावरून तळहात फिरवला, जसा निजलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा. तवा मले वाटलं, अरे, हे मी काय करून राहिलो.

पन तवर हत्ती तयार होता. गासडी उभी करून वरून पानी टाकून ठेवली होती. आजकाल सारेच वजनासाठी कापूस भिजवून इकतात, त्यात एक हत्ती निघाला. मायनं हात लावला. "गार हाय रे!" "आत्ताच न्हाला माय." "आन् हालत नाही तो?" "मोठ्या घरचा हाय, उगा हालत नाही." ते हासली, दादा. किती दिवसानं हासली. अत्तराच्या बोळ्यावरून पुंजाराम सुपानं वारा घालत होता, ते म्हने, "वारा बी हैद्राबादेचा थांबून थांबून येते." पाववाल्याचा पाव खाल्ला नाही तिनं, वास घेतला. "चिंतामन रोज याच वासात उठते का?" इचारलं. म्या हाव म्हतलं.

मंग ऊन कलाले आलं. म्या म्हतलं, "माय, दादाची सुट्टी झाली असन, त्याले घेऊन येतो." चार पावलं गेलो, परत आलो, आन् तुह्या आवाजात म्हतलं, "माय."

तिनं तोंड वर केलं. मंग हात धरला, पान्यात उतरली. गुडघ्यापर्यंत. दुसऱ्या हातानं माहा कान चाचपला. दुखला. मी दातावर दात ठेवून उभा. तिची बोटं काडीवर थांबली. ते म्हने, "चिंतामना, तुहा कान ऊन लागते रे. हळद लाव. आन् सद्या आला की त्याले बी सांग, हळद लाव म्हना."

मले काही कळलं नाही. म्या तुह्या आवाजात हाव म्हतलं.

तिनं ओंजळ भरली. पानी सोडलंच नाही. ओंजळ तशीच धरून उभी, बोटातून पानी गळून राहिलं. मंग म्हने, "आता नाही. गडू आन. हे पानी घरी नेऊ."

तांबटाकडून तांब्याचा गडू आनला, मोर्णेचं पानी भरलं, काशीच्या गडूसारखं तोंड झाळून बंद करून घेतलं. ते आता उशाशी घेऊन निजली. मी बाहेर बसून हे लिहून राहिलो, आन् माहा कान ठसठस करून राहिला. दादा, तिले कळलं का? तूच सांग. मले इचाराची हिंमत होत नाही.

सद्या


अमरावती, फाल्गुन शुद्ध सप्तमी

दादा,

आमी घरी आलो. परतीचा रस्ता बी मायले आडवीच बसवून आनली, आता सवय झाली.

आल्या आल्या मायनं सांगितलं, गडू आनला हाय त मावंदं कराचं, काशीहून आल्यावर करतात तसं. म्या म्हतलं, माय, हैद्राबाद काही तीर्थ नाही. म्हने, "जिथं आपलं मानूस राह्यते त्याले तीर्थ नाही म्हनत त काय म्हनतात?" आता बोल.

सारी आळी जेवाले आली. खुशालराव पयल्या पंक्तीले. तो मानूस पलटनीत होता, मुसीवर घोडे पाजले त्यानं. वरन ओतता ओतता मी त्याच्या पानात तिखटाची पुडी सोडाच्या बेतात होतो, म्हनजे बोलनंच बंद. पन त्याच्या आंधीच तो बोलला, "काहो पार्वताबाई, मुसीच्या पुलाले कमानी किती?"

माय खाटेवर बसली होती. आता उठवत नाही तिले. म्हने, "खुशालरावजी, आंधळीले कमानी इचारता? मले इचारा पुलावर दगड सरकते कुठी. मले इचारा हत्ती न्हाल्यावर कसा लागते. तुमी हात लावला होता का हत्तीले?" खुशालराव म्हने, नाही बा. "मंग तुमी हैद्राबाद काय पाह्यलं?"

सारी पंगत हासली. माय अशी सांगत होती दादा, की मलेच वाटलं आपन खरंच जाऊन आलो. पाव, अत्तर, धोबी, सारं सांगितलं. शेवटी कोन्या बाईनं इचारलं, "आन् लेक भेटला का?" माय म्हने, "नाही. घरी नव्हता."

माह्या हातचं वरनाचं भांडं तसंच राहिलं. खुशालराव बोंबलून राहिले, अरे वाढ ना!

तिले पयल्यापासून ठाऊक होतं. मी येडा. साऱ्या गावाले फसवत आलो, आन् दोन डोळे नसलेल्या बाईनं मले अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आन् अकोल्यापासून अमरावतीपर्यंत खेळवलं.

लोक गेल्यावर मी तिच्या खाटेपाशी बसलो. तिनं माहा कान चाचपून पाह्यला आन् म्हने, "बसला रे आता. पन भोक बुजू देऊ नको. एवढं सोसलं त राहू दे."

पेज बी सोडली तिनं. पानी घेते.

सद्या


अमरावती, फाल्गुन पौर्णिमा

दादा,

आज होळी. मी कोनाच्या बी दारात काही टाकलं नाही. आळीतले लोक येऊन इचारून गेले, सद्या बिमार हाय का?

खालचं मायचं हाय. ते बोलली तसं लिहिलं. मधात मी बोललो त चापट बसली, आता त्या चापटीत जोर बी नाही.

"चिंतामनाले पार्वताबाईचा आशीर्वाद. मी तुह्या गावी येऊन गेली. नदी चांगली हाय. हत्ती जरा जास्तच ओला होता. तू भेटला नाही. सद्यानं तुहा आवाज काहाडला, तो बरा काहाडला, पन तू माय म्हनताना पयले श्वास घेत असतो, ते त्याले ठाऊक नाही.

बंडी कुठी चालली ते मले पयल्याच दिवशी कळलं. सद्या मले बैलाजवळ जाऊ देत नव्हता. पन बंडीत चढताना डाव्या बैलानं मान वळवून माहा हात चाटला. हिऱ्या होता. तू इकलेला. घुंगरं काहाडले म्हनून काय झालं, मी त्याले जवारीच्या बाटुकाच्या पेंढ्या घालून वाढवला. ज्या जोडीसाठी तुले बोलली, त्याच जोडीनं मले तुह्या नदीवर नेलं. पुंजाराम त्याईले नीट ठेवते, खांद्याले एक जखम नाही. माहा राग तिथंच उतरला. पन बोल उतरत नाही, त्याले तू लागतो. सद्याचा कान धरून ते होत नाही.

मी येऊन गेली, आता पाळी तुही. आपल्यात येनं जानं असंच असते. तू म्हनशील, माय अकोल्याले गेली होती, ते काय येनं झालं? मी तुह्यासाठी घरून निघाली, रस्ता झाला, नदी झाली. कोनती ते तू नको इचारू. गडू झाळून ठेवला हाय. तो तुह्याशिवाय कोनी उघडनार नाही. तुह्या हातावरून पानी सोडीन, तेवढं वाहतं पुरे.

मले दिसत नाही म्हनून तोंड लपवू नको. तोंड मी हातानं पाहीन."

इथवर मायचं. आता माहं.

कापूस घेऊन रेलपर्यंत गेलेल्या बंड्या परतताना मोकळ्या येतात. पुंजाराम अकोल्याच्या वेशीपाशी दर बारीनं मुक्काम करते, त्याच धर्मशाळेत. म्या त्याले सांगून ठेवलं हाय, नवसाचा कान असलेला मानूस दक्षिनेकडून आला त काही इचारू नको, बसवून घेऊन ये. बैलाले हात लाव, ते तुले वळखतील. बंडीत सरळ बस. आडवं बसाची गरज नाही आता कोनाले.

शास्त्रीबुवा आज आले होते. नाडी धरली, आन् मायले काही न सांगता मले सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहीत नाही.

माय गडू छातीशी घेऊन पडली असते. घडी घडी हालवून पाह्यते, आत पानी वाजते का. मी सांगतो, माय, भरलेला हाय, तोंड झाळलेलं हाय, त्यातलं पानी कमी होत नाही.

माय कमी होऊन राहिली, दादा. ये.

सद्या